सिआपोवरची सही

ब्रिस्बेन, ११ मार्च २०२४

फुआतिनोताई,

सहा वर्षे आठ महिन्यांनी लिहिते आहे. तेव्हा आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे नंतर वाद नको.

पहिली गोष्ट. जुलै २०१७मध्ये बेटावर, पलाउलीतल्या आपल्या घरी तू सालीच्या कापडाचा एक सिआपो पुरा केलास. लांबी दोन मीटर चाळीस, रुंदी एक मीटर पंच्याऐंशी. उआची झाडे आईने लावलेली. साल सोलणे, कुटणे, आरारूटच्या खळीने थर जोडणे आणि सगळे रंगकाम तुझे. शिंपल्याने साल खरवडण्याचे काम तीन आठवडे मी केले.

दुसरी गोष्ट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मी जिथे सालीच्या कापडांचे जतन करते त्या संग्रहालयाने तो घेतला. कलाकाराची स्वाक्षरी हवी, अशी अट होती.

तिसरी. उजव्या खालच्या कोपऱ्यात, ओआच्या रसाने रंगवलेल्या तपकिरी पट्टीवर, ‘फुआतिनो’ अशी स्वाक्षरी झाली.

चौथी. पुढची साडेतीन वर्षे तो भिंतीवर होता आणि त्यानंतर गुंडाळून अंधाऱ्या खणात.

पाचवी. येत्या जुलैतल्या प्रदर्शनासाठी गेल्या सोमवारी आम्ही तो उलगडला. स्वाक्षरी तेव्हा पट्टीहून गडद होती, आता पट्टीहून फिकट दिसते. भाजून बऱ्या झालेल्या कातडीसारखी. आमच्या संग्रहप्रमुख ब्रिजेट हॅलोरन बराच वेळ वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मातालेना, ही सही या कापडाच्या ओळखीची वाटत नाही.” त्यांनी हा प्रश्न समितीपुढे ठेवला आहे.

सोबत एक छापील फॉर्म जोडला आहे. ‘सदर स्वाक्षरी माझी आहे’ एवढेच त्यात म्हटले आहे. खाली नाव लिहून परत पाठव. बाकी मी पाहून घेईन.

मातालेना


ब्रिस्बेन, ९ एप्रिल

ताई,

फॉर्म परत आला. कोरा. घडीवर नारळाच्या दुधाचा डाग आहे. तो तू मुद्दाम पाडलास असे मी म्हणणार नाही.

परवा लुपेचा फोन आला. तुझी मुलगी बंदरावरच्या दुकानात काम करायला लागल्यापासून फारच मोकळी बोलते. म्हणाली, “मावशी, आई म्हणते, ज्याची सही त्यानं ओळखावी. आणि म्हणते, एवढं शिकलीस तर एक फॉर्म तुझा तुला भरता येईना?” मागे तू बसली होतीस. उलथन्याचा आवाज येत होता. पानिकेके तळत होतीस ना? मी लुपेला सांगितले की आईला फोन दे. ती म्हणाली, “आईचे हात पिठाचे आहेत.” तुझे हात सहा वर्षे पिठाचे आहेत.

ठीक आहे. मागच्या पत्रात मी ‘स्वाक्षरी झाली’ असे लिहिले. वाक्याची ती रचना अप्रामाणिक होती. स्वाक्षरी मी केली.

त्या रविवारी तू चर्चला गेलीस. डोके दुखते असे सांगून मी मागे राहिले. डोके दुखत नव्हते. संग्रहालयाचा माणूस मंगळवारी आपियात येणार होता. आठवडाभर मी तुझ्या मागे लागले होते आणि तू जवळजवळ रोज एकच सांगत होतीस, “माझं काम झालंय.” मला वाटले, हा तुझा नेहमीचा हेका. पावणेअकरा वाजता मी पडवीत सिआपो पसरला, पेन घेतले आणि तुझे नाव लिहिले. चार मिनिटे लागली.

चार मिनिटे कृतीची. तयारी सात महिन्यांची होती. तीही सांगते, कारण ती मी तुला कधी सांगितली नाही, आणि तू ‘पेनाने गिरगटलंस’ म्हणालीस ते मला सर्वांत जास्त लागले होते. मी गिरगटले नव्हते, ताई. साधन निवडताना माझ्याइतका विचार या विषयात कोणी केला नव्हता. पेन्सिल मी नाकारली, कारण कुटलेल्या तंतूंवर शिसे वरच्या वर राहते आणि चार हात फिरले की पुसते. मेणबदामाच्या बिया जाळून केलेली आपली काजळी नाकारली, कारण गुंडाळलेल्या कापडात ती समोरच्या अंगावर उमटते. लोखंडाची जुनी शाई शंभर वर्षांत साल खाते, छिद्रे पाडते. ओआ तर पहिल्याच दिवशी बाद केला. झाडाच्या सालीतून पिळलेला रस. प्रत्येक पिळणीला रंग निराळा. ज्याची हमी देता येत नाही ते साधन मी कागदावर शिफारस म्हणून कसे लिहू?

शेवटी रंगकणांच्या शाईचे एक पेन उरले. उआच्या बेचाळीस पट्ट्यांवर मी ते तपासले. उन्हात, दमटपणात, आम्लात, घामात. अकरा आठवड्यांनी मोजले तेव्हा त्या शाईचा रंग तसूभरही हलला नव्हता. छटा मी यंत्राने जुळवली: तुझ्या ओआहून एकच पायरी गडद, म्हणजे नाव वाचता यावे पण ओरडू नये. त्यावर मी टिपण लिहिले. सिआपो करणाऱ्या, इतर बेटांवर तसेच सालीचे मासी आणि ङातू करणाऱ्या अशा एकतीस बायकांना ते गेले. सही करायची तर कशाने, कुठे, किती दाबाने. आज त्या सगळ्या माझ्या शब्दावर त्या पेनाने सही करतात.

आणि आता बघ. शाई खरोखर हलली नाही. परवा पुन्हा मोजली: २०१७चाच आकडा. हलला तो ओआ. वर्षागणिक गडद होत तो शाईच्या छटेला येऊन मिळाला. मधल्या कुठल्यातरी महिन्यांत ती सही पूर्णपणे नाहीशी झाली असणार, भिंतीवर, शेकडो लोकांसमोर, आणि कोणाच्या ध्यानातही आले नसेल. मग ओआ तिला मागे टाकून पुढे गेला. मी पेन तपासले. कापड तपासले नाही. बेचाळीस पट्ट्या होत्या, पण एकीलाही ओआ लावलेला नव्हता.

मला माहीत नव्हते असे नाही, आणि तेच क्षमा करण्यासारखे नाही. आई सांगायची, “ओआ लावला की तो आपल्याबरोबर म्हातारा होतो.” सात वर्षांची असताना मला हे ठाऊक होते. पदवी घेताना ते मी कुठे ठेवले, सांगता येत नाही.

तू चर्चहून आलीस. पांढरा झगा, पांढरी टोपी. पानात शिजलेल्या पालुसामीचा वास घरभर होता. तू कोपरा पाहिलास, टोपी काढलीस, सिआपो गुंडाळलास आणि माझ्या हातात दिलास. “पेनानं गिरगटलंस. घेऊन जा. आता हे तुझं.” त्यानंतर जेवताना एक शब्द नाही, निघताना नाही, आजवर नाही.

समितीला मी अजून काही सांगितलेले नाही. हे पत्र फाडून टाकलेस तर बरे.

मातालेना


ब्रिस्बेन, २३ एप्रिल

ताई,

आज सकाळी साडेनऊला जे पाहिले ते आधी लिहिते. इतर कशाला आज क्रम नाही.

सहीच्या कोपऱ्याचे छायाचित्र काढायचे होते, म्हणून पडदे बाजूला करून सिआपो मोठ्या टेबलावर पसरला. तपकिरी पट्टीच्या खालची, अगदी काठाची पिवळी पट्टी तुला आठवत असेल; तीन बोटे रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळदीची. मला ती तेव्हाही खटकली होती. एवढ्या नेटक्या कामाच्या तळाशी नुसता भरीव पिवळा रंग, त्यात एक नक्षी नाही. वाटले होते की तू कंटाळलीस. तसे बोललेही होते. “तळ रिकामा सोडलास,” असे. तू हसली होतीस.

हळद उतरली आहे. उतरणारच, दोरीवर दोन दिवस वाळत टाकलेल्या कपड्यावरचा हळदीचा डागसुद्धा राहत नाही, मग भिंतीवर साडेतीन वर्षे दिव्याखाली काय राहणार? दिव्याच्या बाजूचा, उजवीकडचा दोन हात भाग जुन्या कागदासारखा झाला आहे. आणि त्यावर रेघा आहेत.

केसासारख्या बारीक, तांबूस तपकिरी. प्रथम वाटले, बुरशी. हातमोजे बदलले. मग वाटले, मागच्या अस्तराचा डाग. मग भिंग लावले, मग सूक्ष्मदर्शक. ताई, तो ओआ आहे. पहिल्या पिळणीचा, पाणी घालून इतका पातळ केलेला की लावला तेव्हा नुसती ओल दिसली असेल. तंतूंच्या आत आहे. हळद त्याच्या वर आहे. म्हणजे आधी तू रेघा काढल्यास, त्या वाळू दिल्यास आणि मग त्यांच्यावरून पिवळा हात फिरवलास.

मी खुर्ची ओढून बसले. एकवीस वर्षांच्या नोकरीत कामाच्या टेबलाशी मी बसलेली नाही. मला ते गबाळेपणाचे वाटते.

मला समजले ते असे. विटणारा रंग वर, गडद होणारा खाली. एक जात राहणार, दुसरा येत राहणार, आणि दोघांची कुठेतरी गाठ पडेल तेव्हा ते दिसेल. कुठल्या वर्षी, ते भिंतीवरचा उजेड ठरवणार. असे साधन मी नाकारले होते, कारण त्याची हमी देता येत नव्हती. तुला हमी नकोच होती. तू त्यांच्या स्वभावावर काम सोपवलेस. माझ्या बेचाळीस पट्ट्या, अकरा आठवडे, ते यंत्र, आणि पडवीत मांडी घालून, केवड्याच्या सुकल्या फळाच्या बोंडाने, मागे कोंबड्या हाकत केलेली ही तुझी रेघ. मी माझ्या विषयातले जवळजवळ सगळे वाचलेले आहे. असे काही मी वाचलेले नाही, ताई, आणि पाहिलेले तर नाहीच.

आणि रेघा कशाच्या? आई खरवडलेल्या सालीचे गठ्ठे बांधायची तेव्हा कोणी खरवडले ते कळावे म्हणून वर कोळशाने खूण करायची. स्वतःच्या गठ्ठ्यावर समुद्रतारा. तुझ्यावर केवड्याचे पान. माझ्यावर तुली पक्ष्याचे पाऊल, कारण मी कधी एका जागी बसत नसे. पुढे शिकायला गेले तेव्हा शेजारणी म्हणाल्या की आईने आधीच ओळखले होते. एप्रिल आला की तुली समुद्रापार उडून जातो.

तारा, पान, पाऊल. तारा, पान, पाऊल. दोन हात अंतरात सात वेळा. पावले मी मोजली आणि त्यांची दिशाही पाहिली. किनाऱ्यावर तुली पाण्याकडे तोंड करून चालतो. तू काढलेल्या पावलांची बोटे आत, पानाकडे वळलेली आहेत. सातही.

आई गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. मी खरवडले होते ते तीन आठवडे, आणि तेही वाईट. “साल खरवडतेस की परीक्षेला बसवतेस तिला?” तू म्हणायचीस. माझ्या हातची साल कागदाहून पातळ व्हायची, फाटायची, आणि तू ठिगळ लावायचीस. त्या खरवडीबद्दल तू मला सहीत घेतलेस.

“सही कर” म्हणून मी पिच्छा पुरवला तेव्हा शेवटच्या दिवशी तू म्हणालीस, “केली आहे.” मी विचारले, “कुठे?” तू म्हणालीस, “दिसेल.” मला वाटले, तू माझी चेष्टा करते आहेस. तिघींनी सही केलेल्या कापडावर मी पेनाने एकटीचे नाव घातले, आणि ते नाव माझेही नव्हते.

पुढे लिहिता येत नाही. टेबल आवरायचे आहे.

मातालेना


ब्रिस्बेन, २४ एप्रिल

ताई,

कालच्या पत्रात एक चूक आहे. पावले सात नाहीत, आठ आहेत. आठवे कडेच्या घडीत होते.

मातालेना


ब्रिस्बेन, २० मे

फुआतिनोताई,

या वेळी पुन्हा क्रमाने.

२९ एप्रिलला मी ब्रिजेटच्या खोलीत गेले आणि सही माझी आहे हे सांगितले. त्यांनी चष्मा काढला. “सहा वर्षं तू बाकीच्यांना सही कशी करायची ते शिकवत होतीस,” त्या म्हणाल्या. मी हो म्हटले. “तुझ्या बहिणीनं तक्रार का केली नाही?” मी त्यांना टेबलापाशी नेऊन खालची पट्टी दाखवली. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. नंतर एवढेच म्हणाल्या, “मातालेना, हे तू मला शुद्ध शब्दांत समजावून सांगू नकोस. जरा गप्प राहू.”

६ मेला समितीने मला या सिआपोच्या कामावरून दूर केले. निर्णय योग्य आहे. मी त्यांच्या जागी असते तर याहून कडक असते. नोकरीविषयी जुलैत ठरेल.

टिपण मी मागे घेतले. एकतीस जणींना स्वतः पत्रे लिहिली, कारणासह. नऊ उत्तरे आली. तोंगाच्या एका बाईने लिहिले आहे की ते पेन तिने पहिल्याच आठवड्यात नातवाला शाळेत न्यायला देऊन टाकले होते, मला वाईट वाटू नये म्हणून कळवले नाही.

आता मुख्य मुद्दा. पेनाची सही पुसता येत नाही. रंगकण तंतूंच्या मध्ये जाऊन बसले आहेत. विरघळवायला गेले तर आधी तुझा ओआ जाईल. हे साधन मी इतके चांगले निवडले होते. एकच उपाय आहे: तळहाताएवढा तुकडा कापून काढायचा आणि तिथे नवे ठिगळ लावायचे. ठिगळाची साल आपल्या झाडांची हवी आणि ओआ तुझ्या हातचा हवा, म्हणजे तो निदान मागून येऊन कधीतरी बाकीच्याला गाठेल. कापणारी मी नसेन. कोणी कापायचे आणि कापायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त तुझा आहे. समितीने ३० जूनपर्यंत मुदत दिली आहे. तोवर कलाकाराचे लेखी म्हणणे आले नाही, तर सही आहे तशी ठेवली जाईल आणि ‘वस्तूच्या इतिहासाचा भाग’ म्हणून तिची नोंद होईल. असे एकदा झाले की कायमचे. मीच या संस्थेत तसा नियम करून घेतला होता.

आणखी एक सांगायचे आहे. पट्टीचा डावा भाग अजून पिवळा आहे. त्याखाली काय आहे ते पाहायला शेजारच्या खोलीत अतिनील दिवा आहे. हळद त्याखाली चमकते आणि ओआ काळा दिसतो. दहा मिनिटांचे काम. कामावरून दूर होण्याआधी माझ्याजवळ जवळजवळ दोन आठवडे होते. मी दिवा लावला नाही. ब्रिजेटलाही लावू नका अशी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. तिकडे लुपेचीही खूण असेल. पुढे कोणी येईल म्हणून जागा सोडली असेल. किंवा नुसती हळदही असेल. मला माहीत नाही. आयुष्यात प्रथमच, माहीत नसण्याची मला घाई झालेली नाही. तो भाग बहुधा मी सत्तरीची होईन तेव्हा उजळेल. तोवर त्यासमोर रोज जाऊन उभे राहावे असे वाटते. संग्रहालयात तिकीट काढून कोणालाही जाता येते.

मला क्षमा कर असे या पत्रात कुठेही नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. तो शब्द मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. चार मिनिटांच्या कृतीला तो पुरेसा वाटला, सहा वर्षांच्या मौनाला नाही. ती सही शिक्षा म्हणून तिथेच ठेवायची असे तू लिहिलेस, तर तेही मला मान्य आहे. मग ती मी उरलेले आयुष्य बघेन, आणि जे बघायला येतील त्यांना ती कोणाची ते सांगेन. कापा म्हणालीस तर साल न्यायला मी येईन. तू दारात उभी राहशील की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मी विचारत नाही.

मी विचारते ते एवढेच: ठेवायची की काढायची.

फोन चालणार नाही. लुपेचा निरोप चालणार नाही. तिच्या विनोदांसकट तर नाहीच. हाताला पीठ असेल तर धू. ३० जूनच्या आत तुझे म्हणणे इथे पोचायला हवे आणि टपालाला दोन आठवडे लागतात, म्हणजे तुझ्याकडे विचाराला फार दिवस नाहीत. एक शब्द लिहिलास तरी पुरे, पण तो तुझ्या हातचा असू दे. कशावर आणि कशाने लिहायचे, याबद्दल माझी कोणतीही सूचना नाही.

उत्तर लेखी हवे.

मातालेना